लाकडी माशाची हाक

ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्काऊटांची पंचविसावी जागतिक जांबोरी भरली होती. दीडशेहून अधिक देशांतली सुमारे ४३,००० मुले-मुली, बहुतेक १४ ते १७ वर्षांची, १ ते १२ ऑगस्ट असे बारा दिवस तंबूत एकत्र राहणार होती. वर्तमानपत्रांतून या मेळाव्याविषयी जे छापून आले ते बहुतेक फजितीचेच होते. ऊन, डास, साचलेले पाणी, अपुरे संडास आणि शेवटी वादळ. ते सारे खरेच आहे. परंतु त्याच शिबिराला लागून एक दुसरी हकिकत आहे, ती आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही. बौद्ध वाचकांना तर ती कळलीच पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अशा शिबिरात केवळ तंबू ठोकणे, गाठी मारणे आणि शेकोटीभोवती गाणी म्हणणे एवढेच नसते. यजमान देशाचा निसर्ग आणि वारसा मुलांनी डोळ्यांनी पाहावा, म्हणून शिबिराबाहेरच्या भेटींचेही दिवस राखलेले असतात. कोरियातल्या शिबिरातही आसपासच्या जिल्ह्यांत असे दिवस ठेवले होते. आणि ज्या मुलुखात हे शिबिर होते तिथे निसर्ग पाहायचा म्हणजे समुद्रकाठचा चिखल पाहायचा आणि वारसा पाहायचा म्हणजे बौद्ध विहार पाहायचे, असाच अर्थ होतो. गंमत अशी, की खुद्द तंबू जिथे ठोकले होते ती जमीनच या दोन्ही गोष्टींची साक्षीदार होती.

जमिनीखाली काय होते?

शिबिराच्या जागेचे नाव सेमानगम. कोकणातल्या वाचकांना खाजण म्हणजे काय ते सांगायला नको. भरतीला पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. कोरियन भाषेत त्याला गेतबोल म्हणतात. मानग्यंग आणि दोंगजिन या दोन नद्या जिथे पिवळ्या समुद्राला मिळतात तिथे असे विस्तीर्ण खाजण होते. ओहोटी लागली की बायाबापड्या पाटी आणि दाताळे घेऊन चिखलात उतरत, शिंपल्या उकरीत आणि त्यावर घर चालवीत. आपल्याकडच्या कोळणी खाडीत तिसऱ्या वेचायला उतरतात तसेच. सायबेरियाहून ऑस्ट्रेलियाकडे जाणारे लाखो पक्षी येथे उतरून पोटभर खात आणि पुढच्या प्रवासाला लागत. हजारो मैलांच्या वाटेवरची ती त्यांची खाणावळच होती म्हणा ना.

१९९१ च्या नोव्हेंबरात सरकारने या खाजणाला बांध घालायला सुरुवात केली. शेतीला आणि कारखान्यांना जमीन हवी, हे कारण. आपल्या खारबंदिस्तीसारखेच काम, पण प्रमाण राक्षसी. बांधाची लांबी ३३.९ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बोरीबंदर ते ठाणे. आत कोंडलेला प्रदेश सुमारे ४०० चौरस किलोमीटर. मुंबई महापालिकेची हद्द डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. २१ एप्रिल २००६ रोजी बांधातली शेवटची फट बुजवली गेली. भरती यायची बंद झाली. शिंपल्या भरतीची वाट पाहत चिखलातून वर आल्या आणि उन्हात उघड्या पडून मेल्या. ग्रेट नॉट नावाचा एक लहानसा किनारपक्षी येथे फार मोठ्या संख्येने उतरत असे. बांध पूर्ण झाल्यावर त्याची येथली संख्या हजारोंनी घसरली. आज तो धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत आहे.

योगायोग पाहा. १९९१ च्याच ऑगस्टमध्ये कोरियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ गोसंग येथे सतरावी जागतिक जांबोरी भरली होती, डोंगर-झाडीच्या प्रदेशात. बत्तीस वर्षांनी तोच मान पुन्हा मिळाला तेव्हा मुलांना आणले ते या बुजवलेल्या खाजणावर. ना झाड ना सावली. बुआन तालुक्यात हेचांग नावाचा चिखलाचा एक तुकडा शिल्लक राहिला होता. शिबिरासाठी तोही भराव घालून बुजवला, असे तिथल्या पर्यावरणवाद्यांचे म्हणणे आहे. पाण्याला उतार नाही, म्हणून पाऊस पडला की तंबूत तळे. समुद्राची जमीन आपला स्वभाव इतक्या लवकर विसरत नाही.

तीन पावले, एक वंदन

याच हेचांगहून वीस वर्षांपूर्वी, २८ मार्च २००३ रोजी चार माणसे सोलकडे निघाली होती. एक बौद्ध भिक्खू सुग्यंग, एक कॅथलिक धर्मगुरू फादर मून ग्यु-ह्यन, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक वोन बौद्ध पंथाचे आचार्य. वोन बौद्ध हा १९१६ साली कोरियातच निघालेला पंथ आहे. आपल्याकडे मोर्चे निघतात, पदयात्रा निघतात. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्यांना त्याचे नवल नाही. पण हे लोक नुसते चालत नव्हते. तीन पावले टाकायची, मग गुडघे, कोपर आणि कपाळ रस्त्याला टेकवून वंदन करायचे, उठायचे, पुन्हा तीन पावले. बुद्धवंदनेला आपण जो पंचांग प्रणाम करतो तोच, डांबरी सडकेवर. कोरियन भाषेत याला सामबो-इलबे म्हणतात, म्हणजे तीन पावले, एक वंदन.

या प्रकाराने तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी पासष्ट दिवसांत कापले. दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर. पावसात, मे महिन्याच्या उन्हात, मोटारींचा धूर खात. वाटेत भिक्खू सुग्यंग कोसळले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ३१ मे रोजी ही यात्रा सोलला पोहोचली तेव्हा हजारो लोक त्यात सामील झाले होते.

तीन पावलांचा अर्थ काय? लोभ, द्वेष आणि मोह. आपल्या घरातले लहान मूलही धम्मवर्गात हे तीन शब्द शिकते. एकेका पावलाला यांपैकी एकेक विष आपल्यात आहे याची आठवण करायची आणि वंदन करताना ज्या जिवांचे त्यामुळे नुकसान झाले त्यांची क्षमा मागायची. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आमच्यातल्या काहींना लोटांगण म्हटले की नवसाची आठवण होते आणि ते साहजिकच आहे. हा नवस नव्हता. कोणा देवाकडे काही मागणे नव्हते. “सरकारने समुद्र मारला” असे म्हणण्याआधी ‘आमच्याही हावेने मारला’ हे कबूल करण्याची ती रीत होती. देवाशिवाय, पुरोहिताशिवाय केलेला पश्चात्ताप. बुद्धाच्या धम्माशी हे किती जुळते ते वाचकांनीच ठरवावे.

यश आले का? थोडे आले आणि गेले. जुलै २००३ मध्ये सोलच्या न्यायालयाने काम थांबवण्याचा हुकूम दिला. पुढे तो उठला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधाच्या बाजूने निकाल दिला. महिन्याभरात फट बुजली. पण कोरियात तेव्हापासून कोणत्याही अन्यायाविरुद्ध लोक तीन पावले, एक वंदन या रीतीने रस्त्यावर येऊ लागले. कामगारही आले, अपघातात मुले गमावलेले आईबापही आले. रीत मागे राहिली.

जाता जाता सांगायचे म्हणजे, याच काळात जियुल नावाच्या एका भिक्खुणीने चनसंग डोंगरातून जाणाऱ्या रेल्वे बोगद्याविरुद्ध शंभर दिवसांचे उपोषण केले, ते २००५ च्या फेब्रुवारीत संपले. डोंगरातल्या झऱ्यांत राहणाऱ्या एका छोट्या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या नावाने तो खटला लढला गेला. खटला हरला. पण कोरियात भिक्खुणींचा संघ किती मोठा आणि किती निर्भय आहे हे आमच्या भगिनींना यावरून कळेल. आपल्याकडे भिक्खुणीला चीवर द्यायचे की नाही यावर अजून वाद घालणारे आहेत. असो.

विहारातला दिवस

आता त्या वारसा पाहण्याच्या दिवसाकडे वळू. सेमानगमच्या परिसरात तीन जुने विहार आहेत. बुआनमधला नेसोसा (स्थापना इ.स. ६३३), गोचांगमधला सनुनसा (५७७) आणि गिमजेमधला गुमसानसा (५९९). त्या काळी येथे बेकजे नावाचे राज्य होते. बेकजेत धम्म आला तो इ.स. ३८४ मध्ये मारानंद नावाच्या भिक्खूबरोबर. तो भारताकडून चीनमार्गे आला, असे कोरियन परंपरा मानते. गोचांगच्या दक्षिणेला यंगग्वांग येथे तो जहाजातून उतरला म्हणतात. म्हणजे ज्या देशातून धम्म हद्दपार झाला त्याच देशाचे एक पाऊल या चिखलावर पहिल्यांदा पडले.

कोरियातले विहार पाहुण्यांना मुक्कामाला घेतात. २००२ साली कोरिया आणि जपानमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला, परदेशी पाहुण्यांना उतरायला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा ही योजना सुरू झाली आणि पुढे कायमची राहिली. जांबोरीतली अनेक मुले अशा मुक्कामासाठी विहारांत गेली. तिथला दिवस कसा असतो ते सविस्तर सांगतो, कारण आपल्या विहारांतून शिबिरे घेणाऱ्यांना त्यातले बरेच घेता येईल.

पहाटे चारच्या सुमारास उठवतात. सैलसर साधे कपडे दिलेले असतात, सर्वांना एकाच रंगाचे. अंधारातच अंगणातल्या घंटाघरापाशी उभे राहायचे. तिथे चार वाद्ये टांगलेली असतात आणि भिक्खू ती एकामागून एक वाजवतात. कातड्याचा मोठा ढोल वाजतो तो जमिनीवरच्या प्राण्यांसाठी. ढगाच्या आकाराची काशाची थाळी वाजते ती आकाशात उडणाऱ्यांसाठी. मोठी घंटा वाजते ती दुःखात खितपत पडलेल्या सर्व जिवांसाठी. आणि चौथा असतो मासा. आख्ख्या लाकडाचा, पोट कोरून पोकळ केलेला, रंगवलेला. भिक्खू दोन काठ्या त्याच्या पोटात घालून आतून वाजवतो. तो आवाज पाण्यातल्या जिवांसाठी असतो.

समुद्रापासून काही मैलांवर रोज सकाळ-संध्याकाळ, शेकडो वर्षे, मासे, खेकडे आणि शिंपल्या यांच्या नावाने हे लाकूड वाजत आले आहे. २००६ नंतरही ते वाजतच राहिले, ज्यांच्यासाठी वाजवायचे त्यांतले कोट्यवधी मेल्यावरही. हे ऐकून त्या मुलांना काय वाटले असेल ते माहीत नाही. पण बांध, तंबू आणि हा मासा या तीन गोष्टींची संगती त्यांना कोणीतरी नीट लावून दाखवली असती, तर पर्यावरणावरची दहा व्याख्याने वाचली असती.

वंदनेनंतर १०८ वेळा पंचांग प्रणाम. प्रत्येक प्रणामानंतर एक मणी दोऱ्यात ओवायचा. शेवटी आपल्या हाताची माळ तयार होते. मुलांना हे फार आवडते म्हणतात. गुडघे दुखतात हेही तितकेच खरे. मग झाडलोट. अंगण झाडणे हे तिथे नोकराचे काम नाही, तो दिनक्रमाचाच भाग आहे आणि नायक भिक्खूही खराटा हाती घेतो. झाडू कोणाच्या हाती असावा यावरून ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या छळले गेले, त्या समाजाच्या डोळ्यांना हे दृश्य नुसते ‘स्वच्छता मोहीम’ म्हणून दिसणार नाही.

जेवणाची रीत आमच्या गृहिणींनी मुद्दाम वाचावी. प्रत्येकाला एकात एक बसणारे चार लाकडी वाडगे मिळतात. एकात भात, एकात सूप, एकात भाज्या, एकात पाणी. लहान-थोर सर्वांना तेच अन्न, तीच पंगत. हवे तेवढेच घ्यायचे, पण घेतलेले एक शीतही टाकायचे नाही. सुरुवातीलाच मुळ्याच्या किंवा कोबीच्या लोणच्याचा एक तुकडा बाजूला ठेवायचा. जेवण झाले की वाडग्यात गरम पाणी ओतायचे, त्या तुकड्याने वाडगा आतून पुसून काढायचा, तुकडा खायचा आणि ते पाणी पिऊन टाकायचे. शेवटी स्वच्छ पाण्याने विसळून ते पाणी एका भांड्यात गोळा करतात. त्यात भाजीचा कण दिसला तर चालत नाही. साबण नाही, खरकटे नाही, भांडी घासायला दुसरे कोणी नाही. जेवणाआधी हे अन्न कोणाकोणाच्या श्रमातून आले याचे चिंतन असते.

त्या शेवटच्या पाण्याविषयी अशी समजूत आहे, की ते सुईसारख्या बारीक गळ्याच्या उपाशी प्रेतांना दिले जाते. कण राहिला तर त्यांच्या गळ्यात अडकेल. ही प्रेतांची कल्पना आपण जशीच्या तशी उचलण्याचे काही कारण नाही. बाबासाहेबांनी दिलेला धम्म बुद्धीच्या कसोटीवर घासलेला आहे आणि तो आपण पातळ होऊ देऊ नये. पण ताटात टाकलेला कण कोणाच्या तरी गळ्याशी येतो हे म्हणणे मात्र भूतप्रेत मानले नाही तरी खोटे ठरत नाही. जांबोरीत एका दिवसाला प्लास्टिकच्या किती बाटल्या संपल्या असतील याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. उन्हाच्या कहराने तिथे पाण्याच्या बाटल्यांचेच डोंगर पुरवावे लागले.

या विहारांच्या जेवणात कांदा-लसूण नसतो. आपल्याकडे हे म्हटले की सोवळ्या-ओवळ्याचा वास येतो, म्हणून खुलासा करतो. तिथले कारण शुद्धाशुद्धतेचे नाही, ध्यानाला बसताना चित्त चाळवू नये एवढेच आहे. आणि हा नियम भिक्खूंसाठी आहे. तो न पाळणाऱ्याला कोणी हलका समजत नाही.

अंगणात दगडी कुंडात डोंगरातले झऱ्याचे पाणी पडत असते. कडेला लांब दांड्याचे ओगराळे ठेवलेले असतात. येईल त्याने उचलावे, पाणी प्यावे, ओगराळे परत ठेवावे. ते मुलांनी प्यायले, त्यांच्या शिक्षकांनी प्यायले. त्यात सांगण्यासारखे काय, असे कोणी विचारील. आमच्या वाचकांना विचारायचे कारण नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला उतरले. प्रवासाने धुळीने माखलेले सारे जण दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुऊ लागले आणि गलका झाला, हौद बाटवला म्हणून. शेवटी किल्ल्यात सोडले ते एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, की यांनी आत कुठेही पाण्याला शिवू नये. आपल्या पूर्वजांचा वारसा पाहायला निघालेल्या माणसांची ती सहल होती. वारसा पाहणे ही गोष्ट आपल्यासाठी नुसती करमणूक कधीच नव्हती, ती यामुळे.

सनुनसाची एक दंतकथा येथे सांगितली पाहिजे. विहार स्थापन करणारे आचार्य गमदान आले तेव्हा त्या डोंगरात दरोडेखोरांचा वावर होता. आचार्यांनी त्यांना पकडून दिले नाही. समुद्राचे पाणी आणून मीठ कसे करायचे ते त्यांना शिकवले. दरोडेखोर मिठागरे करू लागले, गाव वसले, आणि दरवर्षी ते लोक विहाराला मीठ आणून देऊ लागले. त्या मिठाला ‘कृतज्ञतेचे मीठ’ म्हणतात. आपल्याला अंगुलीमालाची आठवण होते. फरक एवढाच, की अंगुलीमालाला बुद्धाने भिक्खू केले, तर गमदानांनी या लोकांना धंदा दिला. आणि तो धंदा पोसणारा समुद्र, तीच भरती-ओहोटी.

गोचांगचे खाजण सुदैवाने बांधाच्या बाहेर राहिले. जुलै २०२१ मध्ये कोरियातल्या चार खाजणांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, त्यात ते आहे. सेमानगमहून गाडीने जेमतेम तासाच्या आत. एकाच किनाऱ्यावर, एकाच चिखलाचा एक भाग जागतिक वारसा झाला आणि दुसरा भराव. गोचांगच्या काठच्या गावांत पाहुण्या मुलांना रबरी बूट घालून चिखलात उतरवतात, दाताळे हातात देतात, शिंपल्या वेचायला शिकवतात. गुडघाभर रुतल्यावर मुले खिदळतात. तेव्हाच बोटांना काहीतरी जिवंत लागते. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो पाहायला माणसे लोटतात, पण त्या चिखलात उतरून काय काय जगते ते किती शाळा आपल्या मुलांना दाखवतात?

वारशाची काळजी कशी घ्यावी याचा आणखी एक धडा त्याच प्रांतात, इकसानला आहे. बेकजेच्या मू राजाने बांधलेल्या मिरुकसा या विहाराचा दगडी स्तूप-मनोरा तिथे आहे. मिरुक म्हणजे मैत्रेय. १९१५ साली जपानी राजवटीत त्याची पडझड थांबवायला त्यावर सिमेंट-काँक्रीट थापले होते. २००१ मध्ये मनोरा दगड-दगड उतरवायला घेतला, १८५ टन काँक्रीट खरवडून काढले. २००९ मध्ये आत अस्थिकरंडक सापडला आणि त्यासोबत सोन्याचा लेखपट, इ.स. ६३९ चा. मनोरा नऊ मजली असावा असा तर्क आहे. पण सहाच मजल्यांचे अवशेष हाती असल्याने तेवढेच, तेही अर्धवट अवस्थेत, उभे केले. वरचे मजले कल्पनेने रचले नाहीत. जवळजवळ वीस वर्षे लागली. २०१९ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आपल्या एखाद्या लेण्यात शेंदूर फासून रातोरात भलताच देव बसवला जातो तेव्हा हे आठवते.

वादळ आले

शिबिराची कथा संपवू. २ ऑगस्टच्या उद्घाटनाच्या रात्रीच शंभरावर मुलांना उन्हाचा त्रास झाला. पारा ३५ अंशांवर. ५ ऑगस्टला ब्रिटनची सुमारे साडेचार हजार मुले-मुली तळ सोडून सोलच्या हॉटेलांत जाऊ लागली. अमेरिका आणि सिंगापूरनेही आपली मुले काढून घेतली. मग खानून वादळ किनाऱ्याकडे सरकत असल्याची बातमी आली आणि ८ ऑगस्टला हजाराहून अधिक बसगाड्या लावून उरलेल्या सुमारे ३७,००० जणांना हलवले. रिकामा पडला तो पुन्हा चिखलच. पुढे २०२५ मध्ये कोरियाच्या लेखापरीक्षण मंडळाने जागेच्या निवडीपासूनच सारे कसे चुकत गेले ते आपल्या अहवालात मांडले.

मुले विखुरली. कोणी विद्यापीठांच्या वसतिगृहांत, कोणी कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांत. जोग्ये या कोरियातल्या सर्वांत मोठ्या बौद्ध संघाने देशभरातले आपले विहार या मुलांसाठी खुले केले. ख्रिस्ती, मुसलमान, कोणताच धर्म न मानणारी, सारी मुले तिथे एकाच पंगतीला बसली असतील. बोउन येथील बपजुसा विहारात जर्मनीच्या मुलांचा एक गट राहिला. त्यातल्या आठ तरुणांनी भिक्खू व्हायची इच्छा बोलून दाखवली आणि डोक्याचे मुंडण करवून घेतले. छायाचित्रे सगळीकडे झळकली. उतावळेपणाने आपल्याकडे काहींनी “युरोप धम्माकडे वळला” असे लगेच म्हणून टाकले. एवढ्यावर एवढे म्हणू नये. केस पुन्हा उगवतात. पण उन्हात आणि चिखलात हाल काढून आलेल्या त्या पोरांना तिथे काहीतरी सापडले असणार, एरवी कोण कशाला वस्तरा फिरवून घेईल?

हेचांगच्या काठी २००० सालापासून पर्यावरणवाद्यांनी लाकडाचे उंच खांब रोवले होते, माणसांचे चेहरे कोरलेले. गावाच्या वेशीवर राखणीला असे खांब उभे करण्याची कोरियात जुनी चाल आहे. तिथूनच ती तीन पावलांची यात्रा निघाली होती. आणि त्याच्या उत्तरेला, गुनसानजवळ, बांधाच्या आत सुरा नावाचा खाजणाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. वीस वर्षे दुर्बीण आणि वही घेऊन काही सामान्य नागरिक तिथले पक्षी मोजत राहिले. त्यांच्यावर ह्वांग युन या दिग्दर्शिकेने काढलेला ‘सुरा’ हा माहितीपट जांबोरीच्या आधी जेमतेम महिनाभर, जून २०२३ मध्ये कोरियात प्रदर्शित झाला. त्या खाजणावर विमानतळ बांधायची योजना होती. तेराशे नागरिकांनी तिच्याविरुद्ध दावा लावला. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सोलच्या न्यायालयाने ती योजना रद्द ठरवली. विमानांना पक्ष्यांची धडक बसण्याचा धोका आणि शेजारच्या सचन येथील वारसा-खाजणावर होणारा परिणाम, यांचा नीट विचार झाला नाही, असे न्यायालयाला आढळले.

ज्या न्यायालयात २००३ साली भिक्खू सुग्यंग आणि त्यांच्या सोबत्यांच्या बाजूचा निकाल लागून पुढे पुसला गेला होता, तेच हे न्यायालय. सुराच्या चिखलात पक्षी अजून उतरतात.